मंदामावशींची झोप

मंदामावशी खोब्रागडे कोणत्या वाक्याला झोपतात, त्यावर आमच्या विद्यापीठातल्या भाषणांची लांबी ठरते. मी थापा मारतोय असं वाटत असेल तर रायपूरला या आणि इंजिनिअरिंगच्या कोणत्याही पोराला विचारा. तो आधी हसेल, मग अगदी गंभीर होऊन सांगेल की ते उपग्रहवाले शास्त्रज्ञ आले होते ना, त्यांचे आलेख सुरू झाले आणि मौसी झोपल्या, म्हणून आलेख काढून टाकले. दुसऱ्या दिवशी भाषण संपलं तरी लोक हॉलमधून उठायला तयार नव्हते.

मावशी माझ्या शेजारी राहतात. गुढियारीकडे, मालगाडीची शिट्टी घरात ऐकू येईल इतक्या अंतरावर आमचा पारा, म्हणजे मोहल्ला, आहे. इथली निम्मी घरं विदर्भातून रेल्वेच्या नोकरीसाठी आलेल्यांची. मावशी मूळच्या भंडाऱ्याकडच्या. खोब्रागडेकाका मालगाडीवर गार्ड होते आणि मावशी रेल्वेच्याच ऑफिसात. कारकून म्हणून लागल्या आणि सगळ्या ऑफिसला धाक घालून निवृत्त झाल्या. काकांना जाऊन बरीच वर्षं झाली. मुलगी हैदराबादला असते. नातू फोनवर 'हाय आजी' म्हणतो आणि लगेच फोन आईच्या हातात देतो.

ठेंगणी मूर्ती, घरातसुद्धा मनगटावर घड्याळ, आवाज असा की त्या स्वयंपाकघरातून बोलल्या तरी माझ्या बायकोला आमच्या स्वयंपाकघरात उत्तर द्यावंसं वाटतं. कोणी काही सांगायला लागलं की मावशींचं एकच वाक्य ठरलेलं. "तू बोल, मी ऐकून राहिली." हे म्हणून त्या चष्मा काढतात, त्याच्या काड्या मिटून मांडीवर ठेवतात आणि वेताच्या खुर्चीत मागे रेलतात. पुढचं तुमच्या नशिबावर.

आता ही झोप विद्यापीठाच्या कामी कशी आली, ते सांगतो. मी तिथे इलेक्ट्रिकल शिकवतो. आमच्या पोरांनी स्वतःच्या हिमतीवर एक व्याख्यानमाला सुरू केली. तिचं नाव 'गोठ'. छत्तीसगढीत गोठ म्हणजे गप्पा, बोलणं. मराठी वाचकांनी गोठ्याकडे जाऊ नये, जरी आमच्या काही प्राध्यापकांचं मत त्याच दिशेला झुकलेलं आहे. महिन्यातून एकदा बाहेरचा कोणीतरी बोलवायचा आणि अभ्यासक्रमात नाही ते ऐकायचं, एवढाच तिचा उद्देश. हॉल विद्यापीठाचा, माइक विद्यापीठाचा, बाकी धावपळ पोरांची. कार्यक्रम रंगला की फोटोत पहिल्या रांगेत सगळे अधिकारी असतात. फसला की तो 'बच्चों का प्रोग्राम' होतो. मी ही माला चालवणाऱ्या पोरांच्या मंडळाचा प्राध्यापक-सल्लागार आहे. सल्ला मला कोणी विचारत नाही, सह्या मात्र माझ्याच लागतात.

मंडळाची खरी मालकीण तृप्ती साहू. अभनपूरच्या एका धान्य व्यापाऱ्याची पोरगी. बाजारात वाढल्यामुळे 'नाही' हा शब्द तिला ऐकूच येत नाही. त्या उपग्रहवाल्या शास्त्रज्ञांना तिनेच पटवून आणलं होतं. पण ते पोचले त्या दिवशी विद्यापीठाचं गेस्ट हाउस कुठल्याशा तपासणी समितीने अडवलेलं. तृप्ती पाहुण्यांना रिक्षात घालून थेट माझ्या दारात आली. माझ्याकडे गोंदियाहून सासुरवाडी आलेली. पलंगावर, पलंगाखाली, सगळीकडे माणसंच माणसं. मी दारात उभा राहून डोकं खाजवत होतो, तेवढ्यात कुंपणावरून आवाज आला. वरची खोली रिकामी आहे, पंखा आवाज करतो पण फिरतो, असं मावशी सांगत होत्या.

शास्त्रज्ञ फार बुजरे निघाले. संध्याकाळी चहा झाल्यावर त्यांनी चाचरत विचारलं की उद्याच्या भाषणाची जरा तालीम केली तर चालेल का. मावशींनी चष्मा काढला, काड्या मिटल्या आणि हिंदीत त्यांना हुकूम दिला, आप बोलते जाओ, मैं सुन रही हूँ. ते बोलायला लागले. रॉकेट उडालं तोवर सगळं छान चाललं होतं. मग आलेख आले. मावशींची मान हळूहळू एका बाजूला कलली आणि दूध उतू जायच्या आधी पातेलं करतं तसला आवाज यायला लागला. शास्त्रज्ञ थांबले. माझ्याकडे बघितलं, तृप्तीकडे बघितलं, पुन्हा मावशींकडे बघितलं. मग लॅपटॉप उघडून त्यांनी सगळे आलेख उडवले.

दुसऱ्या दिवशीचं तुम्हाला सांगितलंच आहे. तृप्तीने त्यातून जे घ्यायचं ते घेतलं. 'गोठ'चा नियमच झाला, की पाहुणा उतरणार मावशींच्या वरच्या खोलीत आणि आदल्या संध्याकाळी मावशींच्या पुढ्यात बोलून दाखवणार. तृप्ती जिन्याच्या पायरीवर मोबाइल घेऊन बसायची आणि मंडळाच्या ग्रुपवर बातम्या पाठवायची. मौसींना जांभई आली तर तेवढा भाग आवरता घ्यायचा. मान कलली तर तो भाग काढून टाकायचा. घोरल्या तर विषय बदलायचा. पाहुण्यांना हे आधी कोणी सांगत नसे. म्हाताऱ्या बाईला झोप लागली तर तिला काय बोलणार? रागवायची सोयच नव्हती. प्रत्येक जण मुकाट्याने वर जायचा आणि कापाकापी करायचा.

एक उद्योजक आले होते, यशाची सूत्रं सांगणारे. कोट घालूनच वेताच्या खुर्चीसमोर उभे राहिले. पहिल्याच सूत्राला मावशी गेल्या. त्या माणसाने धीर करून त्यांना हलवून जागं केलं, तर मावशी म्हणाल्या, हो गया? अच्छा था. माणूस मोठ्या मनाचा होता. दुसऱ्या दिवशी त्याने सूत्रं सोडली आणि पहिला कारखाना कसा बुडाला तेवढंच सांगितलं. पोरं अजून त्याचं नाव काढतात.

याउलट सिलतऱ्याच्या स्टील प्लांटमधली एक तरुण इंजिनिअर आली, बोलायला चक्क घाबरणारी. भट्टी अचानक बंद पडली तेव्हा सगळ्यांनी मिळून काय काय केलं, हे ती हातवारे करत सांगायला लागली. मावशी खुर्चीच्या टोकावर आल्या. चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढला. स्वयंपाकघरातून करपल्याचा वास यायला लागला तरी कोणी उठेना. तेव्हापासून 'दाल जल गई' हा 'गोठ'चा सर्वोच्च पुरस्कार आहे. पाहुणे जाताना एकमेकांना फोन करून विचारतात म्हणे, की तुमच्या वेळी डाळीचं काय झालं होतं.

मावशींचं घर त्या दिवसांत गजबजलेलं असायचं. महिन्याच्या पहिल्या आठवड्यातच वरच्या खोलीची चादर बदलून व्हायची. पाहुणा कुठल्या गावचा, काय खातो, तिखट चालतं का, याची चौकशी मला रोज. मग तांदळाच्या पिठाचा चीला, टमाटरची चटणी, मुनग्याच्या, म्हणजे शेवग्याच्या, शेंगांची भाजी. मी एकदा म्हटलं, की मावशी, पाय दुखतात तर कशाला एवढं करता. तर म्हणाल्या, पोट्टे आणतात म्हणून करते, मले काय हौस आहे. मी हसलो, त्यांनी मला वाटीभर भाजी देऊन घरी पाठवलं.

सगळं सुरळीत चालू असताना आमच्या विभागप्रमुखांना बोलायची हुक्की आली.

पांडे सर, माझे साहेब. माणूस सज्जन, पण ट्रान्सफॉर्मरमधल्या तेलावर त्यांनी आयुष्य काढलेलं, आणि ते तेल त्यांच्या बोलण्यातही उतरलेलं. एकदा सुरू झालं की थांबत नाही. बाहेरचे एवढे येतात, मग घरचं माणूस का नको, असं त्यांनी तृप्तीला विचारलं. तिने नाइलाजाने तारीख लिहून घेतली. नियम म्हणजे नियम, म्हणून मी सरांना मावशींकडे घेऊन गेलो. सरांनी घसा खाकरून 'नमस्कार' म्हटलं आणि मावशी कलल्या. नुसत्या कलल्या नाहीत, असं काही घोरल्या की कुंपणापलीकडून माझी बायको डोकावली. सर तरीही शेवटच्या ओळीपर्यंत वाचत राहिले. एक अक्षर त्यांनी कापलं नाही. दुसऱ्या दिवशी हॉल अर्ध्यातच रिकामा झाला. शेवटी मी, तृप्ती आणि दार बंद करायला थांबलेला चौकीदार, एवढेच उरलो.

मग पांडे सरांच्या सहीने परिपत्रक निघालं. यापुढे 'गोठ' विद्यापीठाच्या अखत्यारीत राहील. पाहुणे विद्यापीठाच्या नव्या गेस्ट हाउसमध्ये उतरतील. भाषण आधी प्राध्यापकांची समिती ऐकेल आणि योग्य वाटल्यास मंजूर करेल. हे मान्य नसेल तर हॉल मिळणार नाही. समितीचे अध्यक्ष पांडे सर. तृप्ती तणतणत आली. हॉल नसेल तर सायकल स्टँडवर भाषण घेऊ, असं म्हणाली आणि शेवटी रडली. तिचा 'गोठ' तिच्या हातातून चालला होता. मी तिला पाणी दिलं आणि परिपत्रकावर सही केली. सल्लागाराचं तेवढंच काम.

मावशींना मीच जाऊन सांगितलं. त्या तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "बरं झालं बावा. आता मले सुट्टी."

पण पहिल्या आठवड्यात वरच्या खोलीची चादर वाळत घातलेली दिसली. भाजीवाल्याला मावशी दारात इतका वेळ धरून ठेवायला लागल्या, की त्याने आमच्या गल्लीत यायची वेळच बदलली. संध्याकाळी मी घरी आलो की कुंपणाशी उभ्या. नवा पाहुणा कोण होता, काय बोलला, कोणी झोपलं का? मी दोन वाक्यांत सांगायचो आणि आत जायचो. दोन वाक्यांनी त्यांचं काही भागत नव्हतं, हे मला दिसत होतं.

समितीचं म्हणाल तर, प्राध्यापकांना डोळे उघडे ठेवून झोपता येतं. आमच्या नोकरीतली ती पहिली पात्रता. त्यामुळे प्रत्येक भाषण एकमताने मंजूर व्हायचं आणि हॉलमध्ये पोरं पाठीमागच्या दाराने सटकायची. पुढच्या रांगेत पांडे सर एकटे ताठ बसलेले असायचे. एकदा त्यांनी मागे वळून पाहिलं, तेव्हाचा त्यांचा चेहरा मला बरा वाटला नाही.

अशात त्यांच्या निवृत्तीची वेळ आली. आमच्याकडे निवृत्त होणाऱ्याने त्याच हॉलमध्ये सगळ्या विभागासमोर बोलायचं, अशी पद्धत आहे. आदल्या दिवशी दुपारी सर माझ्या खोलीत आले. दार लोटून घेतलं, खुर्चीत बसले, पंख्याकडे बघितलं, टेबलावरचं पेन उचलून ठेवलं. शेवटी विचारलं, "वो तुम्हारी मौसीजी… आज शाम को घर पर हैं क्या?"

मी त्यांना स्कूटरवर मागे बसवून आणलं. एवढा मोठा माणूस, पण कागदांची पिशवी छातीशी धरून शाळेत निघाल्यासारखा बसला होता. मावशींनी दार उघडलं. त्या काय म्हणतील याची मला धास्ती होती. त्यांनी फक्त चहा टाकला आणि चहा झाल्यावर खुर्चीत बसून हिंदीत म्हणाल्या, की बोला, मी ऐकते आहे.

चष्मा मात्र काढला नाही. ते माझ्या उशिरा लक्षात आलं.

सरांनी वाचायला सुरुवात केली. पहिल्या परिच्छेदाच्या शेवटी वर पाहिलं. मावशी जाग्या. पान उलटलं, पुन्हा पाहिलं. जाग्याच. सरांचा गोंधळ उडाला. तेलाच्या तपासण्या आल्या, त्यांचे प्रकार आले, त्या प्रकारांचे उपप्रकार आले. मला स्वतःला पेंग यायला लागली, पण मावशी टक्क डोळ्यांनी त्यांच्याकडे बघत होत्या. दर ओळीला ते थांबायचे, आता झोपतील म्हणून वाट बघायचे. असं करता करता त्यांची ओळच हरवली. कागद खालीवर करून शोधायला लागले, तेव्हा मावशींनी शांतपणे विचारलं, "वो गाँव का फिर क्या हुआ, साहब? जिधर ट्रान्सफॉर्मर जल गया था, और लोग आपके लिए कंदील लेके खड़े थे?"

सर बघतच राहिले. मीही. ते गाव सरांच्या त्या जुन्या, हॉल रिकामा करणाऱ्या भाषणात अगदी शेवटाकडे आलं होतं, तेसुद्धा जेमतेम एका वाक्यात. त्या वेळी मावशी घोरत होत्या.

"आप तो सो गई थीं," सर म्हणाले.

मावशींनी चहाचा कप बाजूला सरकवला आणि वाट बघत बसल्या. मग सरांनी कागद पिशवीत घातले. नवीनच नोकरीला लागलो होतो, असं म्हणून बोलायला लागले. बस्तरच्या वाटेवरचं एक गाव, भाताचं पीक पाण्यावाचून उभं, पंप बंद. हा तरुण मास्तर दुरुस्ती बघायला गेलेला आणि त्याला काहीच येत नव्हतं. गावातल्या बाया कंदील धरून उभ्या राहिल्या आणि त्याच्या हातून चूक झाली की हसायच्या. शेवटी दिवे लागले तेव्हा एका म्हातारीने त्याच्या तेलकट हातावर गूळ ठेवला. हे सांगताना सरांनी स्वतःच्या तळहाताकडे बघितलं आणि म्हणाले की त्या दिवशी मी ठरवलं, हेच शिकवायचं. घरी बायकोलासुद्धा हे कधी सांगितलं नव्हतं म्हणाले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी हॉलमध्ये तेवढंच सांगितलं. पाठीमागचं दार एकदाही वाजलं नाही. पोरं उभी राहून टाळ्या वाजवत होती आणि तृप्ती सगळ्यात पुढे होती. कार्यक्रम झाल्यावर सरांनी तिला ऑफिसात बोलावलं आणि शेवटची सही केली ती परिपत्रक मागे घेण्याच्या आदेशावर. पाहुणे पुन्हा मावशींकडे उतरतील. समितीला त्यांनी आभार मानून घरी पाठवलं.

मी ही बातमी घेऊन संध्याकाळी मावशींकडे धावतच गेलो. त्यांनी ऐकून घेतलं, तृप्तीला उद्या यायला सांग म्हणाल्या, आणि वर जाऊन खोलीची खिडकी उघडून आल्या. मग मी विचारलंच, की मावशी, तुम्ही झोपायचा तेव्हा झोपलेल्या नसायचा ना?

"एवढ्या दुरून आलेल्या माणसाले तोंडावर कसं सांगाव, का बावा तुझं कंटाळवाणं आहे? जेवाले बसला आहे तो माह्या घरी," मावशी म्हणाल्या. "म्हातारी झोपली त कोणाले राग येत नाही. तो आपला आपण समजून घेते."

मग मी काही विचारलं नसताना काकांचं बोलायला लागल्या. मालगाडीचा गार्ड शेवटच्या डब्यात एकटा असतो. सगळा प्रवास कोणाशी बोलणं नाही. काका ड्यूटीवरून आले की हातपाय धुवायच्या आधी सुरू व्हायचे. कुठे सिग्नल मिळाला नाही, कुठे रुळाशेजारी हरीण उभं होतं, कोणत्या स्टेशनवर कोणी चहा पाजला. आणि मावशी ऑफिस, स्वयंपाक, पोरगी हे सगळं उरकून पडलेल्या.

"तवा मी खरंच झोपायची," त्या म्हणाल्या. "ऐकून राहिली म्हणायची अन् झोपायची. त्याले समजे, पण त्यानं एकदाही उठवलं नाही मले. किती गोष्टी अर्ध्या राहिल्या, आता कोणाले विचारू? म्हणून मी कोणाचंच अर्धं सोडत नाही. डोळे मिटून ऐकलं का बरं वाटते. घरात माणूस बोलून राहिला, असं वाटते."

इतकी वर्षं भिंतीला भिंत लावून राहतो आणि कुंपणाशी उभ्या असलेल्या या बाईला मी दोन वाक्यांवर वाटेला लावत होतो. काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, की मग पांडे सरांच्या वेळी काल डोळे का नाही मिटले?

मावशींनी माझ्याकडे असं बघितलं की एवढं शिकून मला काहीच कसं कळत नाही.

"तो काय भाषण कापाले आला होता? अरे, रिटायर झाला तो. बायको पोराकडे बंगलोरले. उद्यापासून त्याचं कोण ऐकन?" त्या उठल्या, स्वयंपाकघराकडे वळल्या आणि तिथूनच पुढचं सांगितलं. "रविवारी जेवाले बोलावलं मी त्याले. म्हटलं, मिठाई-बिठाई काही आणू नका. फक्त सांगाले काहीतरी घेऊन या."